झीज

तान्हं दगावल्यापासून अंबूबाईची लेक हौसा ओटीवर मुकी बसून होती. बाहेरचं लागलंय म्हणून अंबूबाईच्या दिराने, फोकाने झोडून भूत उतरवणारा आंदर मावळातला भगत बोलावला होता.

मागीलदारी अंबूबाईच्या कॉलेजातल्या लेकाने, सुदामने, प्रयोगासाठी आणलेल्या खाडीतल्या किड्याच्या बाटलीत औषध सोडलं, जखमेवर फेसाळतं ते. किडा वळवळला, मग निपचित पडला.

"मेला की रं! कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?" अंबूबाई कळवळली.

"मेला न्हाई, आये. आतनं भाजलाय. समदी ताकद झीज भरण्यात गुतलीया, म्हणून हलंना."

ओटीवर भगताने फोक उगारला. अंबूबाई धावत जाऊन आडवी उभी राहिली.

"च्या घ्या भगतबाबा, आन् निगा. लेक माजी कामात हाय."