निरीक्षण विहीर

“मार्चपेक्षा दीड मीटर वर आलंय पाणी!” जिल्ह्याहून पातळी मोजायला आलेल्या साहेबांनी विहिरीतून ओली टेप ओढली आणि खुशीत वहीत आकडा लिहिला.

शेजारीच हंडा शेंदून उभ्या असलेल्या केशरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्त्याण्णव सालचा मे, आष्टीकडचं कोरडं ठाक शिवार, आणि तासाभरापूर्वीच टँकर याच विहिरीत पाणी ओतून गेलेला. काठावरचा चिखल अजून वाळला नव्हता. साहेबांच्या बुटालाही तोच लागला होता.

“सायब, ते पानी विहिरीचं न्हाई. टँकरनं वतलंय सकाळच्याला.”

“मावशी, पाणी कुठून आलं याचा फॉर्ममध्ये रकाना नाही. वीस वर्षं हीच विहीर मोजतोय आम्ही. हिच्यावरूनच टंचाईचा अंदाज निघतो.”

“गेल्या सालीबी असंच मोजलंत. अंदाज आला, गावात पानी लई हाय. आठ दिसात टँकर बंद! दोन महिने दोन कोसावरून हंडे आनले आमी. आता परत त्येच लिवताय?”

“आकडा खोटा आहे का?”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं बाहेरून आणून आडात ओतत होते, आणि हा शहाणा आड भरला म्हणून लिहून घेत होता. आकडा खोटा नव्हता, त्याचाच तर संताप होता.

ऊन रणरणत होतं. साहेबांनी घाम पुसला. “थोडं पाणी मिळेल का?”

तहानलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. केशरबाईला त्या रीतीचाही राग आला. तिनं हंड्यात तांब्या बुडवला, पुढे केला, पण सोडला नाही.

“प्या. पन आदी सांगा, ह्ये विहिरीचं का टँकरचं?”

साहेबांनी तांब्या ओढून घेतला, तोंडाला लावला आणि ते गटागटा प्यायले.

“गोड आहे,” ते म्हणाले. “विहिरीचंच.”

उरलेला अर्धा तांब्या तिच्या हातात देऊन ते जीपमध्ये बसले.

केशरबाईच्या घरात उष्टं पाणी आजवर कुणी हंड्यात परत ओतलं नव्हतं. दात-ओठ खात तिनं आज ते थेंबन्‌थेंब हंड्यात ओतलं.