पेढ्यांची पिशवी

"मले तोंडानं काही सांगू नका जी. रिपोर्ट चांगला असला तर पेढे आणा, नसला तर रिकाम्या हातानं या," कौशल्यानं नवऱ्याला, भैयाजींना, निघताना बजावलं होतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, सगळं उरकल्यावरची ही पहिली तपासणी. दुपारभर ती फाटक धरून उभी होती. स्कूटर गल्लीत वळली, हँडलला पेढ्यांची पिशवी दिसली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. एक पेढा देवापुढे ठेवून, एक तोंडात टाकून तिनं रिपोर्ट मागितला.

भैयाजींनी पाकीट पुढे केलं. ते अजून उघडलेलंच नव्हतं.

"तूच उघड वं. मले धीर नाही झाला. अन् रिकाम्या हातानं तुह्यासमोर कसा येऊ?"