बसतंय तोवर

“कोपर सरळ कर.”

“सरळच आहे, बाबा.”

“सरळ कर म्हणतो ना!”

पोर, घरात सगळे तिला ठेंगू म्हणत, खोलीच्या मधोमध उभी होती. व्हायोलिन हनुवटीखाली, डावा हात त्याच्या खालून पुढे काढलेला. बाप समोर, कमरेवर हात ठेवून. आई खिडकीपाशी मशीनवर बापाचाच नवा शर्ट शिवत होती. मान वर करत नव्हती, पण तिला सगळं दिसत होतं.

मुलांची व्हायोलिनं मापामापाची असतात, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. हात लांब केला की वाद्याचं गोल वळलेलं टोक तळव्यात बसलं पाहिजे. टोक मनगटापाशीच संपलं तर वाद्य लहान पडलं, पुढचं माप आणायचं. मास्तरांनी दाखवलं ते पुढचं माप वेळेवर यावं म्हणून. बापानं लक्षात ठेवलं ते कुलूप लावायला. घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, “हे बसतंय तोवर शिकेल. मोठं या घरात येणार नाही.”

पोर वाढलं की घरातली माणसं खूश होतात. या घरात पोर वाढलेली दिसू नये म्हणून कोपर वाकवून वाजवत होती.

बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. अडकलेली वस्तू कुठे दाबली की सुटते, हे त्याच्या बोटांना ठाऊक. त्यानं अंगठा कोपरावर ठेवला आणि दाबला. हात सरळ झाला. व्हायोलिन मनगटापाशी संपलं आणि तळवा पुढे रिकामाच राहिला.

“संपलं,” तो म्हणाला. “उद्यापासून क्लास बंद.”

मशीन थांबलं.

“कशावरून संपलं?” आई म्हणाली.

“दिसत नाही? हात वाढलाय तिचा.”

“हात वाढला असता तर बाही आखूड झाली असती. शाळा सुरू झाली तेव्हा शिवलेला शर्ट आहे तिचा. बघा, बाही मनगटावर आहे की नाही? का कापडालाही मास्तर लावलेत मी?”

बापानं पाहिलं. बाही खरंच मनगटावर होती. ठेंगूनं आईकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. तेवढं बापाला पुरलं. तो वाकला आणि बाहीचा काठ बोटात धरून उजेडाकडे केला.

निळ्या कापडाला पट्टे पडले होते. वरचा निळा धुऊन धुऊन विटलेला. त्याच्या खालचा जरा गडद. त्याखालचा त्याहून गडद. सगळ्यात खालचा तर दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. पट्ट्यापट्ट्याच्या मध्ये जुन्या टाक्यांची बारीक भोकं.

“दुमड उसवलीस,” तो म्हणाला. “तीन-तीनदा.”

“माझं कामच आहे ते.”

“मला फसवायचं? माझ्याच घरात?”

“तुम्ही पोरीच्या मागे टेप घेऊन लागलात, म्हणून मी कात्री घेतली.”

“तुला काही कळत नाही. मोठं व्हायोलिन आलं की मागून मोठी शाळा येणार. परगावची. मास्तरांनी माझ्या कानावर घालून ठेवलंय. एकदा गेली की परत येत नाही ती. मग बस एकटी मशीन चालवत.”

“बसेन. रडत तुमच्याकडे येणार नाही. दिवसभर परक्या लोकांना वरच्या मजल्यावर पोचवता, आणि स्वतःच्या पोरीला तळमजल्यावर अडकवून ठेवता. वर जाणाऱ्या माणसाची एवढी धास्ती वाटते तर दुसरं काम धरा.”

“जीभ आवर.”

“वाढली असेल तीपण. मोजा.”

बापानं ठेंगूच्या हातातून व्हायोलिन ओढून घेतलं. पेटीत कोंबलं, झाकण आपटलं आणि पेटी कपाटाच्या डोक्यावर ठेवली. घरात जप्त झालेलं सगळं तिथंच जायचं. गोष्टीची पुस्तकं गेली होती, रंगाची पेटी गेली होती, एका बाहुलीला तर सगळे विसरूनच गेले होते. टाचा उंचावूनही ठेंगूचा हात तिथे पोचायचा नाही. म्हणून तर ती जागा.

आईनं पुढ्यातल्या नव्या शर्टाची बाही पसरली, कोपरावर कात्री ठेवली आणि एका दमात कापली. दुसरीही कापली. काठ दुमडून मशीन मारलं, दातांनी दोरा तोडला आणि शर्ट नवऱ्याच्या छातीवर फेकला.

“घाला.”

“हे काय? उद्या साहेबांपुढे मी हे घालून उभा राहू?”

“बसतंय तोवर घाला. मोठा या घरात येणार नाही.”

त्याच्या कपाळाची शीर फुगली. तिनं कात्री खाली ठेवली नाही. दोघं एकमेकांकडे असे बघत उभे राहिले की तिसरं माणूस खोलीत आहे, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

ठेंगू कपाटापाशी गेली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तिनं टाचा उचलल्या आणि हात वर केला. कोपर पूर्ण सरळ. बाही घसरून खाली आली, बोटं पेटीच्या मुठीपाशी गेली.

हात पुरला.