नानांसाठी नौका

"हे काय करून ठेवलंस, बेबी?" लेखक दार न वाजवताच आत आला आणि हातातला कागद त्याने बहिणीच्या टेबलावर आपटला.

बहीण पेन्सिलीला टोक करत होती. तिने टोक पुरतं केलं, भुसा फुंकला आणि मगच वर पाहिलं. कंपनीच्या अवकाशयुद्धाच्या खेळातली एकूण एक नौका तिच्या हातची. नौकांवरची माणसं, त्यांची भांडणं आणि त्यांची मरणं तिच्या थोरल्या भावाच्या हातची.

"तूच मागितली होतीस," ती म्हणाली. "लहान, पण जबर चिलखताची. फुटताना बघणाऱ्याच्या काळजात धस्स झालं पाहिजे, म्हणालास."

"अगं, पण त्यासाठी फुटायला नको का ती?"

नौका सकाळी दहाला खेळाडूंसाठी जाहीर झाली होती. हे खेळाडू म्हणजे एकेक नग. आकडेमोड केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. बारा वाजेपर्यंत त्यांनी खेळातली प्रत्येक तोफ या नौकेवर कागदावरच डागून पाहिली आणि निकाल लावून टाकला, ही फुटत नाही. एकदा जाहीर झालेला आकडा बदलायचा नाही, हा नियम खुद्द लेखकाचा. त्याच नियमाच्या जोरावर तो सात वर्षं मिरवत होता. आराखड्यावर सहीही त्याचीच होती. चित्र बघून 'झकास' म्हणाला आणि खालचं कोष्टक न वाचताच सही ठोकून मोकळा झाला.

तिने काही जादू केली नव्हती. प्रत्येक नौकेला वजनाची मर्यादा असते. तिने तोफा काढल्या, वेग काढला, सुटकेची होडी काढली आणि वाचलेलं सगळं वजन चिलखताला दिलं. मग नौका आणखी लहान केली, कारण झाकायचं अंग जितकं कमी तितका पत्रा जाड बसतो. शेवटी आत एक इंजिन आणि एका माणसाच्या बिऱ्हाडापुरतीच जागा उरली. ही नौका कोणाचं काही वाकडं करू शकत नव्हती, आणि तिचंही कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं.

तो एक माणूस म्हणजे इंजिनवाले नाना. हट्टाला पेटलेल्या पंपाला ते 'राणीसाहेब' म्हणत आणि पान्याने पाठ खाजवत. पंप दुरुस्त करण्यात हयात घालवलेले या दोघांचे वडीलही अगदी हेच करत. लेखकाने त्यांना नावासकट उचलून खेळात घातलं होतं आणि या पर्वात त्यांना मारायचं ठरवलं होतं. तशी जाहिरातही झाली होती. नौका फुटण्याचा प्रसंग लिहिताना आपण ढसाढसा रडलो, हे तो ऑफिसभर सांगत फिरला. तिलाही येऊन सांगून गेला. खरे नाना गेल्या वर्षी दवाखान्यात झिजत होते, तेव्हा रोज फोनवर 'एवढं पर्व हातावेगळं करतो आणि येतो' म्हणणारा हाच तो. आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याचं ते रडणं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच दुपारी तिने चिलखत आखायला घेतलं.

"इंजिनाचा स्फोट होईल," लेखक म्हणाला.

"नानांच्या हातचं इंजिन? ते कधी दगा देत नाही, असं सात वर्षं तूच लिहितोयस."

"मग शत्रू पकडून नेईल. बाहेर काढून मारेल."

"दार फक्त आतून उघडतं. कोष्टकात सहावी ओळ."

"उपाशी मरतील."

"शिधा तीन वर्षांचा आहे. तुझं पर्व तीन महिन्यांचं."

त्याचा चेहरा उतरला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

"सूड उगवतेयस ना माझ्यावर?"

"हो," ती म्हणाली. "तेव्हा यायला जमलं नाही तुला. आता घरबसल्या धमाका उडवून त्यांना मारू देणार नाही."

लेखक समोरच्या खुर्चीत बसला. पुढच्या सोमवारी आवाजांचं रेकॉर्डिंग होतं, आणि नाना मेल्याशिवाय पर्व संपत नव्हतं. त्याने आराखडा पुढे ओढला आणि पहिल्यांदाच नीट वाचायला घेतला. बोट इंजिनावरून शिध्याच्या कप्प्यावर गेलं, तिथून भिंतीकडे सरकलं आणि थांबलं.

"खाट आहे इथे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात धुगधुगी आली. "म्हणजे आजारी पडू शकतात! खाटेवरच जातील. झालं की मग."

"जातील की. तेवढी एक वाट ठेवलीय मी."

"आणि खाटेशेजारी हे स्टूल कशाला? आत तर ते एकटेच आहेत."

"कोणी आलंच, तर बसायला."

खिशातलं पेन काढून त्याने कागद उलटा केला. 'नाना खाटेवर पडले होते,' असं लिहिलं. 'पडले' खोडून 'निजले' केलं. मग तेही खोडलं. त्याचा फोन वाजला, त्याने तो न बघताच बंद केला. बाहेर कॉफीच्या मशीनपाशी कोणीतरी मोठ्याने हसत होतं. ती पुन्हा आपल्या कामाला लागली.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर न करता विचारलं, "सलाईनची सुई कुठल्या हाताला होती गं?"

"अठरा दिवस होते, दादा," ती म्हणाली. "कुठल्या दिवशीची विचारतोस?"