कितीही लांब आकडा

आमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांत, आकडा कितीही लांब चालतो. आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला तो झेपतो का, हे बघायला मी सकाळी डोळे मिटून कीबोर्ड बडवला. दोन ओळी भरल्या, बास. अंधेरीच्या ऑफिसातलं रोजचंच काम.

जेवणानंतर शेजारच्या स्वरदालाही तसाच आकडा हवा होता.

“माझाच घे ना.”

“नको रे, माझा मी टाकते,” म्हणत तिनेही डोळे मिटले.

मी सहज तिच्या स्क्रीनवर डोकावलो. सकाळभर समोर असलेले माझेच अंक होते, त्याच क्रमाने.

“स्वरदा, थांब.”

तिने डोळे उघडले. “ओजस, बोटं थांबत नाहीयेत रे.”

ती कुठे थांबेल ते बघायला मी माझी फाइल उघडली. सकाळच्या दोन ओळी केव्हाच वर गेल्या. खाली अंक संपतच नाहीत; मी अजून खाली सरकवतोय.