साहेबाची कबुली

साहेबाने दारातच बूट काढले, तेव्हा सत्यभामेची अर्धी खात्री पटली.

गोरा माणूस माळ्याच्या घरात बूट काढून शिरतो होय? साधा पटवारी आला तरी चिखलाच्या पायांनी सारवलेल्या ओसरीवर चढतो. हा मात्र उंबऱ्याशी वाकला, दोन्ही बूट भिंतीला लावून नीट ठेवले आणि विरलेल्या मोज्यांनी आत आला. मनात खोट असली की माणूस असाच दबून वागतो, असं तिला वाटलं.

"बसा, इंग्रज साहेब," कोपऱ्यातून तिची सासू पार्बताबाई म्हणाली.

"माफ करा, मी इंग्रज नाही. कॅनडाचा आहे," साहेब हळूच म्हणाला. "फार लांब आहे. तिकडे सहा महिने बर्फ असतं." कुण्या पुण्याच्या मास्तराने त्याला मराठी शिकवली होती. ती त्याच्या तोंडून पोथी वाचल्यागत यायची.

तो अमरावतीच्या मिशन दवाखान्यातला डॉक्टर. पंधरा दिवसांमागे सत्यभामेचा नवरा देवीदास त्याच्याच टेबलावर मेला होता. पोटात दुखतं म्हणून देवीदास चार दिवस घरी तळमळला. पार्बताबाईने मांत्रिक आणला, अंगारा लावला. पाचव्या दिवशी बडनेऱ्याहून त्याला गाडीत घालून नेलं, आणि दोन तासांनी साहेब दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला. मान खाली घातलेली.

"माफ करा, बाई. मला माफ करा."

ते शब्द सत्यभामेच्या काळजात रुतून बसले. तसे शब्द तिने आयुष्यात एकदाच ऐकले होते. तिच्या मामाने भावाची कडब्याची गंजी पेटवून दिली होती. पंचांनी पकडल्यावर पागोटं त्यांच्या पायाशी ठेवून मामाने माफी मागितली. एरवी तिच्या माणसांत कोण कोणाची माफी मागतो? देवीदासने अठरा वर्षांच्या संसारात एकदाही मागितली नाही. त्याच्या हातून मोटेचा दोर सुटून तिचं बोट मोडलं, तेव्हा संध्याकाळी तो मुकाट्याने पुडीभर शेव घेऊन आला होता. तोंडाने माफ करा म्हणायचं, ते गुन्हा अंगावर आल्यावरच.

"त्यानं कबूल केलं ना वं वयनी?" तिचा दीर सहदेव म्हणाला होता. "पन कोर्टात त्याचा काई उपेग नाई. गोऱ्याचा गुन्हा गोरा कावून मानन?"

कोर्टात उपयोग नव्हता, म्हणून आज तिने साहेबाला घरी जेवायला बोलावलं होतं.

चुलीपाशी वांग्याच्या भाजीची दोन भांडी होती. डावीकडची भाजी साधी. उजवीकडच्या भाजीत तिने कुंपणावरची पिवळी कण्हेर वाटून घातली होती. फुलं विकूनच तिचा जन्म गेला, कोणत्या झाडात काय आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण तिला अन्याय करायचा नव्हता. साहेबाला एकदा तोंडावर विचारायचं. तो नाही म्हणाला, तर डावीकडची वाढायची आणि उजवीकडची खड्डा करून पुरून टाकायची. सकाळपासून तिने हे दहा वेळा मनाशी घोकलं होतं.

तिने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"माह्या मानसाले काय झालं होतं?"

"आतडं फुटलं होतं. पोटात सगळीकडे पू झाला होता."

"मंग चूक कोनाची?"

साहेबाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या पार्बताबाईकडे गेली. म्हातारीने पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"माझीच म्हणा," तो शेवटी म्हणाला. "मला माफ करा."

सत्यभामा उठली. तिने उजवीकडची भाजी वाढली.

साहेबाने पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा क्षणभर आक्रसला.

"कडू लागून राहिली का?" तिने विचारलं.

"नाही, नाही. फार छान आहे." त्याने भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून काढलं. तिने पुन्हा पळी पुढे केली, तेव्हा नको म्हणणं त्याच्याने झालं नाही. तीही त्याने संपवली.

मग त्याने तिचे आभार मानले, पार्बताबाईचे मानले, आणि बाहेर जाऊन बूट चढवले. सत्यभामा दारात उभी राहून पाहत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. देवीदासचं देणं तिने फेडलं होतं, आता पोलीस येवोत की फाशी होवो.

साहेब फुलांच्या वाफ्यांमधून, एकाही रोपाला पाय न लावता, फाटकापर्यंत गेला. तेवढ्यात दावं तुटलेली शेळी मागून धावत आली आणि तिने त्याच्या गुडघ्यात धडक मारली. साहेब कोलमडला. त्याची टोपी शेणात पडली.

तो सावरून उभा राहिला. शेळीकडे वळला. दवाखान्याच्या पायरीवर घातली होती, तशीच त्याने मान खाली घातली.

"माफ करा, बाई," तो शेळीला म्हणाला. "मला माफ करा."