दाब सत्तरवर

सकाळी सव्वादहाला पंपाचा दाब शंभरवरून ऐंशीवर आणला आणि काचपेटीतल्या मूत्रपिंडातून गळणारे लघवीचे थेंब मंदावले. हे मूत्रपिंड इंदुताई शेलारांच्याच पेशींपासून वाढवलेलं होतं. या चाचणीत टिकलं तरच त्यांना बसवणार होते. तंत्रज्ञ नदीमचा हात दाब वाढवायला पंपाकडे गेला.

"थांब," डॉ. केळशीकर म्हणाल्या. "त्याचं त्याला करू दे."

पेटीत ना मेंदू होता, ना मज्जातंतू. तरीही रक्त आणणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या सैल झाल्या, नेणाऱ्या आवळल्या. थेंब पुन्हा पूर्वीच्या लयीत पडू लागले.

"अगं बाई, कुणी शिकवलं याला?" पेटीशेजारी खुर्चीत बसलेल्या इंदुताई पुटपुटल्या. "दाब उतरला की मी तर आडवीच होते."

सगळे पेटीकडेच बघत होते.

अकराला दाब सत्तरवर, शेवटच्या पायरीवर आणला. थेंब थांबले आहेत. पंपाला अजून कोणी हात लावलेला नाही.